दोन ते चार

३ मार्च

दादा,

तुझ्या दोन खोल्यांत येऊन आज नऊ दिवस झाले. मोबाइल तू ठेवत नाहीस, ठेवलास तरी ऐकू येणार नाही, आणि तुझ्या शेजाऱ्याच्या फोनवर ओरडून बोललं की आपल्या घरच्या गोष्टी अख्ख्या मजल्याला कळतात. म्हणून आपलं पोस्टच बरं.

खोल्या छान आहेत. खिडक्यांचे गज तू स्वतः जोडलेत हे बारक्याने आतापर्यंत चार वेळा सांगितलं. टेबल मधल्या भिंतीला लावलं आहे, कारण इंटरनेटची वायर तिथेच येते. भिंतीपलीकडे काकू आणि बारक्या. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बोलत असतो. ट्रक तिकडे दुसऱ्या देशात, आणि कुठला ट्रक कुठल्या गेटला कधी लागायचा ते ठरवणारा मी इथे तुझ्या खिडकीशी. गेट बदललं की ग्रुपवर टाकायचं, ड्रायव्हरने वाचायचं, झालं माझं काम. काकूला वाटतं मी एकटाच बडबडतो. परवा बारक्याला म्हणाली, "याला एकदा दाखवून आण कुणाला तरी."

आता आमच्यासारखी शहरातून आलेली सहा घरं झाली आहेत इथे. ऑफिसांनी सांगितलं कुठूनही काम करा, आणि भाड्याने पिचलेले सगळे मिळेल त्या गावाला पळाले. पण गावाने आमचं स्वागत दगडाने केलं. समोर जो टोपीवाला राहतो, जाहिरातींची चित्रं काढतो, झोपतानाही टोपी काढत नसावा, त्याच्या घरात आधी गिरणीवाला राहायचा. मालकाने जास्त भाड्याच्या लोभाने गिरणीवाल्याला बायकापोरांसकट बाहेर काढलं. गिरणीवाल्याने मालकाला काही केलं नाही. टोपीवाला दारात चहा पीत उभा होता, त्याच्या कपाळावर दगड घातला. तीन टाके पडले. बारक्याने मागून मिठी मारून गिरणीवाल्याला धरला, नाहीतर दुसरा दगड हातात होताच.

बारक्या म्हणजे सोनं आहे, दादा. गावात अशी एक मोटर नाही जिच्या पोटात त्याचा हात गेला नाही. आम्हा सहाही घरांचे पंखे, पंप, बॅटऱ्या त्यानेच जोडून दिल्या. त्याला आमच्या ग्रुपमध्येही घेतलं आहे. त्रास एकच. रोज दुपारी दोन ते चार वीज जाते, आणि नेमकी तेव्हाच माझ्या साहेबांची सकाळ होते.

तुझा
चष्म्या


१४ मार्च

चष्म्या,

पत्र मिळालं. आमच्या खोलीतल्या चौघांनी मिळून वाचलं. मी पोटासाठी गाव सोडून इथे पत्रे ठोकायला आलो, आणि तू पोटासाठीच शहर सोडून माझ्या खोलीत जाऊन बसलास. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, खुर्चीतून परदेशातले ट्रक हाकणारा तूच पहिला. आईला म्हणावं, दाखवून आणायचं तर लवकर आण.

इकडे तेच चाललंय. प्रेस दिवसभर आपटतो. डावा कान गेलाच होता, उजवाही आता चष्मा अडकवण्यापुरता. मागच्या आठवड्यात कॅन्टीनवाल्याच्या नाकाचं हाड मोडलं. तो मला काहीतरी घाण बोलला असं त्याच्या ओठांवरून वाटलं. नंतर कळलं की बिचारा बटाटे संपलेत एवढंच सांगत होता. माझा हात आधी जातो आणि मी मागून पोचतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे, तुझा पुढचा दात साक्षीला आहे. आठ दिवसांचा पगार कापला, माफी मागितली, तोही माणूस चांगला, आता जास्त वाढतो.

दोन ते चारवरून कुरकुर करू नकोस. ते दोन तास गावाचे आहेत. विहिरीतली मोटर काढायची, तारेला टेकलेल्या फांद्या तोडायच्या, गिरणीचा पट्टा बदलायचा, सगळं तेव्हाच होतं. गिरणीचा आवाज थांबला की वीज गेली समजायचं आणि हात घालायचा. टेस्टर कुणी लावत नाही, आमच्या बापानेही कधी लावला नाही. तुझ्यासारख्या शहरी माणसाने मात्र कशालाच हात लावू नये. बल्ब बदलायचा असला तरी बारक्याला हाक मार.

त्याच्याकडे लक्ष ठेव. बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला मी खांद्यावर बसवून वाढवला आहे. माझ्या अंगात जेवढा राग आहे तेवढी त्याच्या अंगात माया, एकाच आईच्या पोटचे आहोत हे खरं वाटत नाही. गिरणीवाल्याशी सांभाळून. त्याच्या जागी मी असतो तर तुमच्या टोपीवाल्याला टोपी घालायला डोकं उरलं नसतं.

दादा


२ एप्रिल

दादा,

तू गमतीने लिहिलंस, पण इथे तसंच होता होता राहिलं.

टोपीवाल्याला गिरणीच्या आवाजाने काम सुचत नाही. त्याने गिरणीवाल्याला सांगितलं, सकाळी दहा ते बारा गिरणी बंद ठेव. गिरणीवाला हसला. तर या शहाण्याने परवा सकाळी जाऊन चाकूने पट्टाच कापला. गिरणीवाल्याने त्याला मानेला धरून दगडाच्या पेटीवर दोनदा आपटला. तोंडातून रक्त आणि त्यात पीठ, मी धावत गेलो तेव्हा पांढऱ्या जमिनीवर दोन दात पडले होते. गिरणीवाल्याचा भाऊ पहार घेऊन आला. बारक्या मध्ये पडला, पहार त्याच्या खांद्यावर बसली. तरी त्याने कुणावर हात उगारला नाही, "माझं ऐका, माझं ऐका" म्हणत सगळ्यांना वेगळं केलं. संध्याकाळी खांदा काळानिळा झाला होता, आणि हा गिरणीचा नवा पट्टा चढवत बसला होता. काकूने त्याला शिव्या घातल्या आणि शेकही दिला.

माझ्यापुढे वेगळंच संकट आहे. दोनदा मीटिंग चालू असताना माझी लाइन तुटली. बॅटरी तासाभरात मान टाकते. साहेबांनी सरळ सांगितलं, येत्या मंगळवारी दुपारी दोनला वरच्या लोकांसमोर सगळं वेळापत्रक मांडायचं, त्या वेळी तुटलं तर परत शहरात येऊन बसा नाहीतर दुसरं काम बघा. मला परत यायचं नाही, दादा. तिथे सातव्या मजल्यावर एका खोलीत आठ वर्षं काढली, इथे पहिल्यांदा मला झोप लागते. काकूच्या हातचं जेवतो, बारक्याशी गप्पा मारतो. घर म्हणजे काय ते आत्ता कळतंय.

मंगळवारची सोय मात्र झाली आहे. वायरमन भला माणूस आहे. माझा जुना लॅपटॉप मी त्याच्या मुलीला अभ्यासाला दिला, तेव्हापासून मला साहेब म्हणतो. काळजी करू नकोस. बारक्याचा खांदा ठीक आहे.

तुझा
चष्म्या


१९ एप्रिल

चष्म्या,

पोचलो. प्रेसवर उभा राहवत नाही, फोरमनने झाडलोटीला लावलंय. काल खोलीतल्या एकाने विचारलं, भाऊ नेमका कसा गेला. वाईट हेतूने विचारलं नव्हतं. त्याला मी इतकं मारलं की बाकीच्या तिघांनी मला कॉटला बांधून ठेवलं. मग सोडलं आणि सगळे रडलो.

डोळे मिटले की तोच दिसतो. दोन वाजून दहा मिनिटांनी नदीवरच्या पंपाच्या पेटीत त्याने हात घातला. रोजच्यासारखी गिरणी थांबलेली, रोजची वेळ झालेली. आणि तारेत वीज. ज्याने त्याला काठीने सोडवला तो सांगत होता की हात पेटीलाच चिकटला होता आणि बूट जळाले होते. मी येईपर्यंत तुम्ही त्याला झाकून ठेवलं होतं. मी चादर काढली. काढायला नको होती.

वायरमन पिऊन पडला होता आणि लाइन बंद करायची विसरला, असं गाव म्हणतं. आणि तरी तो अंत्ययात्रेला आला, सगळ्यांच्या मागून रडत चालला होता. पुलावर मी मागे वळलो. त्याचा उजवा हात कठड्यावर धरला आणि दगडाने ठेचला. किती वेळा ते आठवत नाही. बोटं दिसेनाशी होईपर्यंत. मग गिरणीवाल्याने तोंडावर लाथ घातली आणि जबडा गेला. पोलिसांना गावाने एका तोंडाने सांगितलं की खांबावरून पडला. मला त्याचं काही वाटत नाही. कमी झालं असंच वाटतं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी हात ठेचत होतो तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता. तुझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ सारखे हलत होते. तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास, पांढराफटक पडला होतास. बाकीचे ओरडत होते, त्यांना ऐकू गेलं नसेल, आणि मी तर हा असा. तो तुला काय म्हणत होता?

आईला जप.

दादा


२७ एप्रिल

दादा,

पाणी मागत होता.

दुसरं काही नाही. माझी दातखीळ बसली होती, मला हलताही आलं नाही. तू त्याचा विचार करू नकोस.

काकू बोलत नाही. स्वयंपाक दोघांचा करते आणि एक ताट तसंच झाकून ठेवते. मी रोज संध्याकाळी जाऊन बसतो. तिचं पाणी भरतो, औषध आणून देतो. पंप बिघडला होता, तालुक्याहून माणूस आणून दुरुस्त करून घेतला. तिला एकटं वाटू देणार नाही. तू कामावर परत उभा राहा.

वायरमन अजून जिल्ह्याच्या इस्पितळात आहे. जबडा तारेने बांधला आहे. तो हात आता कामाचा राहणार नाही असं ऐकलं. त्याला शिक्षा झाली आहे, दादा. आयुष्यभर पुरेल एवढी झाली आहे. आता हे इथेच थांबव. तुझ्या हाताला लागलं असेल तर दाखवून घे.

टोपीवाला सामान भरून गेला. आणखी दोन घरंही रिकामी झाली. माझं काम ठीक चाललं आहे.

तुझा
चष्म्या


५ मे

चष्म्या,

थांबव म्हणतोस. तुझा सख्खा नव्हता, म्हणून तुला म्हणता येतं. रागावू नकोस, पण खरं तेच लिहितो.

मी ठरवलं आहे. इकडे जेवणाच्या सुट्टीत लोखंडाची एक कांब घासून ठेवली आहे, हातभर लांब, एका टोकाला मूठ. शिफ्टमध्ये सगळ्यांनी पाहिली, कुणी विचारलं नाही. मी वीस तारखेला येतोय. आईला कळवू नको. तुझ्याकडेही उतरणार नाही, म्हणजे नंतर तुला कुणी विचारणार नाही.

तुझ्याकडून एकच काम हवंय. वायरमन इस्पितळातून घरी कधी येतो, त्याची बायको कामाला कधी जाते, मुलगी शाळेत कधी असते, तो घरात एकटा कधी असतो, एवढं मला लिहून पाठव. शंभर ट्रकचं वेळापत्रक करतोस, एका माणसाचं कर. बारक्याने तुझा पंखा जोडला, तुमच्यापायी खांद्यावर पहार खाल्ली, त्याच्यासाठी एवढं कर.

मला फाशी झाली तरी चालेल. आईकडे तू आहेस.

दादा


११ मे

दादा,

तुझं पत्र आल्यापासून चार दिवस मी काही खाल्लेलं नाही. हे पत्र पूर्ण वाच, मग फाड.

वायरमन पिऊन पडला नव्हता. तो दारूला शिवतही नाही. त्या मंगळवारी वीज चालू ठेव असं मी त्याला सांगितलं होतं. माझ्या मीटिंगसाठी. तो आधी नाही म्हणाला. मी मागेच लागलो, लॅपटॉपची आठवण काढली नाही पण त्याला ती आली असणार. त्याने सबस्टेशनवर बोलून वेळ फिरवली, दोनऐवजी सहाला. सकाळी सायकलवरून माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "साहेब, वरच्या आळीला मी सांगत जातो, मला पुढे दुसऱ्या गावची लाइन बघायची आहे. खालच्या आळीला तुम्ही सांगा. घरोघरी सांगा हं." मी हो म्हणालो.

मी घरोघरी गेलो नाही. मला मीटिंगची तयारी करायची होती. मी ग्रुपवर टाकलं. आज दोन ते चार वीज जाणार नाही, सहा ते आठ जाईल. पाच जणांनी अंगठा दाखवला, पाचही शहरातले. सहावा बारक्याचा अंगठा आला नाही, तो मी बघितला नाही. आमच्या कामात टाकलं म्हणजे कळवलं. ड्रायव्हरने वाचलं नाही तर चूक त्याची. खालच्या आळीतली बाकीची घरं ग्रुपमध्ये नव्हतीच, हेही माझ्या लक्षात आलं नाही. गिरणीवाल्याला काही माहीत नव्हतं, त्याने दोनला सवयीने मोटर बंद करून पट्टा उतरवला. आवाज थांबला. बारक्याने तेवढंच ऐकलं.

तू मला हे सगळं मार्चमध्येच लिहून कळवलं होतंस. मी ते पत्र हसत हसत वाचलं होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी माझा दिवा एकदा बारीक झाला आणि पुन्हा नीट झाला. मीटिंग तुटली नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तीनला मी हेडफोन काढला तेव्हा काकूचा आवाज ऐकला.

तो मेसेज मी त्याच संध्याकाळी पुसला. बाकीच्या पाच जणांना माहीत होतं, एकानेही ब्र काढला नाही. आपणही अंगठा दाखवला होता ही भीती त्यांना वाटली असेल. टोपीवाला त्यामुळेच पळाला. वरच्या आळीला वायरमनने सांगितलं होतं, पण संतापलेल्या गावापुढे त्यांच्यातलंही कुणी बोललं नाही.

आणि पुलावर तो पाणी मागत नव्हता. तो म्हणत होता, "साहेब, सांगा ना यांना. साहेब, सांगा ना." सहा-सात वेळा म्हणाला. तू हात ठेचत होतास आणि मी ऐकत होतो. मी तोंड उघडलं असतं तर तिसऱ्या दगडाला तू थांबला असतास.

तुला वेळापत्रक हवं होतं. वायरमन अठराला घरी येतो. पण तुझं काम त्याच्याकडे नाही. मी दिवसभर तुझ्याच खोलीत असतो. दुपारी दोन ते चार एकटा असतो, काकू तेव्हा झोपते. दार लोटलेलं असेल, कडी लावणार नाही.

चष्म्या


२४ मे

चष्म्या

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

वीसला आलो. तुझ्या दारावरून गेलो. दार लोटलेलं होतं. कांब शर्टात होती. थांबलो असतो तर तू उरला नसतास, म्हणून थांबलो नाही. आईलाही भेटलो नाही, तिच्यासमोर जायला तोंड नव्हतं.

वायरमनकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. मला बघून त्याने धोतराचा बोळा व्हावा तसं अंग गोळा केलं. जबडा बांधलेला, ओरडताही येईना. बायको धावत आली. मी कांब तिच्या पायाशी टाकली. उजवा हात ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, चोर सोडून संन्याशाला मारला मी. आता तू मार.

तिने कांब उचलली नाही. आत गेली, नवऱ्याची पक्कड घेऊन आली. मोठी, खांबावरची. पहिला घाव चुकला. दुसरा बसला. मग ती थांबेना. दोन बोटं गेली, तिसरं डॉक्टर म्हणतो राहील. मी हात काढला नाही. नवऱ्याने तिला उरलेल्या हाताने धरलं तेव्हा थांबली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नंतर ती बोलली. समोर बसून सावकाश बोलली, म्हणून ओठ वाचता आले. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तीनदा गिरणीवाल्याच्या दारात जाऊन सांगून आली होती. त्याने तिच्यावर कुत्रं सोडलं. पोटरीला टाके दाखवले. गरिबाचं कोण ऐकतो.

तुझं नाव मी गावात घेतलं नाही. ते माझं काम नाही. तू सांगायचंस. वायरमनने सांगितलं होतं तसं. दारोदार. पायाने. कुणाला चिठ्ठी नाही, कुणाला फोन नाही. मार मिळेल. मिळू दे. हात उचललास तर मी परत येईन.

आईला शेवटी सांग. तिच्याकडे मार खाऊन जा, म्हणजे तिला तुझ्यावर हात टाकावा लागणार नाही.

दादा


२ जून

दादा,

सांगून आलो. बेचाळीस घरं. दोन दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी दुपारनंतर मला चालता येईना.

वायरमनकडे आधी गेलो. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बोलत होतो तोवर फिरवूनच बसला होता. लॅपटॉप त्याच्या बायकोने माझ्या पायांवर फेकला.

गिरणीवाल्याला सांगितलं तेव्हा त्याला आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्याने मला गिरणीच्या दारातून आत ओढलं आणि पट्ट्याच्या तुकड्याने मारलं. मी खाली पडल्यावर लाथांनी मारलं. बरगड्या दोन आणि गळ्याचं हाड मोडलं, असं नंतर डॉक्टरने सांगितलं. मी हात उचलला नाही. एकाएकी तो थांबला आणि स्वतःचं कपाळ चौकटीवर आपटायला लागला, इतक्या जोरात की त्याच्या भावाने मला सोडून त्याला धरलं. "त्या माणसाच्या तोंडावर लाथ घातली मी," एवढंच म्हणत होता. मग तोच मला धरून पुढच्या घरापर्यंत घेऊन गेला आणि बाहेर उभा राहिला.

काही घरांनी दारं लावून घेतली, मी बंद दाराला सांगितलं. एक म्हातारी तोंडावर थुंकली. खालच्या आळीत पोरांनी दगड मारले, डोळ्याच्या वर लागला. शहरातल्या राहिलेल्या दोन घरांनाही सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. एक म्हणाली, "अंगठा दाखवताना मी नीट वाचलंही नव्हतं." ठाण्यातही जाऊन आलो. हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि गाव सोडायचं नाही म्हणाला. ऑफिसला कळवलं की आता माझ्याकडून काम होणार नाही.

काकूकडे शेवटी गेलो, तू म्हणालास तसा. संध्याकाळ व्हायची होती. दारातच उभा राहिलो. डोळ्यावरून रक्त येत होतं, तिने फडकं दिलं आणि म्हणाली, "बस आधी."

मी बसलो आणि सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुलावरचंही. तुझ्या बोटांचंही. ती ऐकत होती. रडली नाही. तिने मला मारावं असं मला इतकं वाटत होतं की मी दोनदा म्हटलंही. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग विचारलं, "तो निरोप तू फोनवर टाकलास तो किती वाजता?"

"अकरा पंचवीसला."

ती माझ्यामागच्या भिंतीकडे बघायला लागली. तीच भिंत, जिच्या पलीकडे माझं टेबल आहे.

"अकरा पंचवीसला तो इथे जेवत होता," काकू म्हणाली. "तू बसलायस तिथेच, या भिंतीला पाठ लावून. फोन शर्टात, शर्ट बाहेर दोरीवर. पलीकडे तुझं बोलणं चाललं होतं, मोठमोठ्याने. मी म्हटलं, आज याचं काय चाललंय. तर म्हणाला, आई, हळू, आज त्याचं महत्त्वाचं काम आहे."

पुढे म्हणाली, "दुसऱ्यांदा भात हवा होता त्याला. तोंडाने मागितला नाही. हाताने खूण केली."

चष्म्या